आईच्या पेन्सिलीखालची एक्केचाळीस गाणी

सिबिलच्या हातातून मी खोडरबर काढून घेतला, तिला दाराबाहेर काढले आणि मग हे मृत्युपत्र लिहायला बसले. मी, लोरेना गोकी, वय एकाहत्तर, राहणार स्टर्जन बे वस्ती, उत्तर मिनेसोटा, पूर्ण शुद्धीत आहे. माझ्या रागाला कोणी भ्रम समजू नये.

घर धाकट्या बहिणीला, सिबिलला. पश्चिमेचे छप्पर गळते. दुरुस्तीचे वचन तिच्याच नवऱ्याने दिले होते. पियानोही तिचा. तो बाहेर काढायला भिंत पाडावी लागेल.

तळ्यात आपोआप उगवणारा रानभात झोडायच्या दोन काठ्या आणि भाजायची कढई तिच्या मुलीला, इर्माला. ती शाळेत ओजिब्वे, आमच्या जमातीची भाषा, शिकवते.

आता गाण्यांचे कागद. आई मूकपटांच्या थिएटरात पियानो वाजवायची. तिथली छापील गाणी तिने घरी आणली. वर चित्र, पिसे लावून होडीत उलटी बसलेल्या मुलीचे. आत आमच्याविषयी शहरात बसून कोणी लिहिलेले बोल. आईने ते खोडून स्वरांखाली पेन्सिलीने आमचे शब्द लिहिले: पाणी, अस्वल, बर्फ, आजी. तिच्या सरकारी बोर्डिंग शाळेत आमची भाषा बोलणाऱ्याचे तोंड साबणाने धूत. असल्या चाली मात्र हौसेने शिकवत. त्याच चालींवर तिने मला शब्द शिकवले. चाल काढली तर धडा उरत नाही.

त्रेपन्नपैकी बारा कागद सिबिलने एका संग्राहकाला दिले. बदल्यात बोटीचे इंजिन आले. त्याने पेन्सिल पुसून घेतली. आज ती उरलेले मागायला आली आणि मी कॉफी ओतेपर्यंत पुसायलाही बसली.

"ताई, स्वच्छ केले की संग्रहालय घेतंय. मूळ स्थितीत जपतील."

"मूळ म्हणजे आईच्या आधीचं?"

"शब्द तुला पाठ आहेत ना?"

"माझं तोंड माझ्याबरोबरच पुरलं जाणार आहे, सिबिल."

"इर्माला शिकवलंस. मला साठ वर्षांत एकदा तरी?"

हे खरे आहे. आई गेली तेव्हा ती दोन वर्षांची होती, मी बारा. तिने मागितले नाही, मी बोलावले नाही.

एक्केचाळीस कागद इर्माला. ते पुसू नयेत, प्लास्टिकात चिकटवू नयेत, शब्द वेगळे काढून पुस्तक करू नये. मुलांच्या हातांनी मळले तर मळू द्यावेत. सिबिलला एकही देऊ नये.

साक्षीदार: क्लेटस बेलांजर, शेजारी. विल्मा लेगार्ड, टपाल कचेरी.
सही: लोरेना गोकी
स्टर्जन बे, ९ नोव्हेंबर १९८७

१० नोव्हेंबर, सकाळ. सिबिल तंबाखूची पुडी घेऊन आली. कोर्टाला ठाऊक नसेल म्हणून लिहिते: आमच्यात वडीलधाऱ्यांकडे काही मागताना तंबाखू पुढे करतात. ती घेतली की मागितलेले द्यावे लागते. मी घेतली नाही. काय मागायचे होते, तेही विचारले नाही. वरच्या मजकुरात बदल नाही.