गच्चीवरचा ट्यूनर

बापू,

शेवटी रेडिओ सेटला आणि अँटेनाला जुळवणारा ट्यूनर बाहेरून विकत घ्यावाच लागला. तू असतास तर हसला असतास. ट्यूनर विकत घेणं म्हणजे घरात चूल पेटलेली असताना खानावळीतून डबा मागवणं, असं तुझं मत होतं. तुझा स्वतःचा ट्यूनर अजून आहे, आईच्या, आपल्या याडीच्या, ट्रंकेत, तिच्या साड्यांखाली. लाकडी खोका, जुन्या रेडिओतून काढलेले दोन गँग कंडेन्सर, प्लास्टिकच्या पाइपवर गुंडाळलेली तांब्याची तार आणि पुढे दोन बटणं, त्यातलं एक शेजारच्यांच्या मोडक्या मिक्सरचं. राजूरच्या क्वार्टरमध्ये तो स्वयंपाकघरात असायचा, कारण चिंचेवरून येणारी अँटेनाची तार त्याच खिडकीतून आत यायची. फळीवर याडीचे तिखट-हळदीचे डबे आणि त्यांना लागून तुझा डबा. खाणीत कामावर जाण्याआधी तू तिथे स्टुलावर बसतोस, एका हाताने बटण फिरवतोस, दुसऱ्याने मोर्सची की दाबतोस, आणि याडी तुझ्या डोक्यावरून हात घालून मीठ घेते. एका सकाळी ती भांड्यांच्या लोखंडी मांडणीला टेकली आणि नेमकी तेव्हाच तू की दाबलीस. तिने हात झटकला. थोडी रेडिओची वीज मांडणीत उतरली असेल, त्यात काही विशेष नाही, असं तू तिला समजावत होतास. ती म्हणाली, "तुमच्या डब्यानं मले चावलं. आता या घरात एक तं तो राहीन, नाई तं मी." ती हे हळू आवाजात म्हणाली, म्हणून तू घाबरलास. त्याच रविवारी खिडकीखाली खड्डा खणून, मीठ-कोळसा भरून तू अर्थिंगची पट्टी पुरलीस. मांडणी पुन्हा कुणाला चावली नाही. तरी याडी पुढे कित्येक वर्षं तुझ्या वेळेला भांडं फडक्याने धरूनच काढायची.

त्याच स्वयंपाकघरात तू मला मोर्स शिकवलंस. बोलून शिकवणं तुला जमत नव्हतं. तू मुळात बोलायचासच कमी. स्टीलच्या पेल्यावर चमच्याने एकेक अक्षर वाजवायचास आणि मी ते ओळखून सांगितलं की मान हलवायचास. मग की माझ्या हातात दिलीस. एकदा मोठ्या ऐटीत मी तुझ्या आधी सेट लावला, ट्यूनर जुळवायचा म्हणून की दाबून धरली आणि लांबलचक शिट्टी सोडली. रेडिओवर त्या जागी आधीच दोन माणसं मोर्समध्ये बोलत होती. मी ऐकलंच नव्हतं. तू मागून येऊन सेटचं बटण बंद केलंस आणि म्हणालास, "कोणी बोलून राह्यलं असन तं त्यायच्या बोलण्यावर शिट्टी मारू नाई. तुह्यं यंत्र जुळवासाठी लोकायनं काहून थांबावं?" एवढं सलग वाक्य तू मला उद्देशून फारसं कधी बोलला नसशील. मला रडू आलं होतं आणि रागही आला होता, पण पुढे वर्गात दोन मुलं बोलत असताना तिसरं मध्ये तोंड घालतं तेव्हा माझ्या तोंडून जवळजवळ तेच निघतं.

आता एक गोष्ट सांगते, जी तू असताना कधी काढली नाही. मी अमरावतीला बीएस्सीला गेले, हौशी रेडिओचा, हॅमचा, परवाना मिळवला, कॉलेजच्या रेडिओ क्लबात सकाळी मोर्सवर बसू लागले. कोणत्या वेळी, कोणत्या पट्ट्यावर म्हणजे बँडवर, हे तुला पोस्टकार्डाने कळवलं होतं. तू रोज त्याच पट्ट्यावर असायचास, कोकणातल्या तुझ्या मित्राशी गप्पा मारायचास. माझ्याशी तीन वर्षांत एकदाही बोलला नाहीस. हाक आधी बापाने मारावी, असं माझ्या मनात होतं, आणि मीही तुझीच मुलगी, मी काही मारली नाही. सुट्टीत घरी आले की तू विचारायचास, क्लबचा सेट बरा चालतो ना. सेटची चौकशी व्हायची. मला फार लागायचं ते. ज्या माणसाचं तोंडही तू पाहिलं नव्हतंस त्याच्यासाठी तुझ्याकडे रोज वेळ होता, आणि मी एका जिल्ह्याच्या अंतरावर असून तुला ऐकू येत नव्हते.

तू गेल्यावर काही महिन्यांनी मी तुझ्या सेटवर बसले. सहज हाक दिली, तर कोकणातून तुझ्या त्याच मित्राचं, काकांचं, उत्तर आलं. मोर्समध्ये आवाज नसतो, हात असतो. अक्षर कुठे ओढायचं, कुठे दम घ्यायचा, ही ज्याची त्याची सवय, आणि माझी सगळी सवय तुझी. काकांनी पहिल्यांदा विचारलं ते हेच, की हा हात मी ओळखतो, तू त्याचं कोण? तेव्हापासून आम्ही सकाळी बोलत आलो. कळंबच्या शाळेत मी शिकवायला लागले, शाळेजवळच शेताकडेच्या घरात राहिले, तिथे लांब तार बांधायला जागाच जागा होती. हवापाणी, त्यांची सुपारी, आपली तूर, कुणाचं लग्न, कुणाचं पोट बिघडलं, सगळं झालं. फक्त एक प्रश्न मी विचारला नाही: बापू तुमच्याशी माझ्याबद्दल कधी काही बोलायचे का? विचारलं आणि त्यांनी सरळ 'नाही' म्हटलं तर पुढे काय करायचं, हे मला ठाऊक नव्हतं.

मागच्या वर्षी माझ्या पोरीच्या कॉलेजसाठी आम्ही यवतमाळात राहायला आलो. भाड्याचं घर, आम्ही खाली, घरमालक वर, आणि त्याच्या वर गच्ची. अंगणात एक स्कूटी मावते. गच्चीवर पाण्याच्या टाकीपासून कोपऱ्यातल्या बांबूपर्यंत जेमतेम तार बसली, कळंबच्या निम्मीही नाही. तिथून केबल दोन मजले उतरून खिडकीतून माझ्या टेबलावर. सेटच्या पोटात एक छोटा ट्यूनर असतो, तो या आखूड तारेशी जुळवून घेता घेता टकटक करून थकला आणि जमत नाही असा दिवा लावून बसला. मी तशीच रेटून हाक द्यायचे. मला काका ऐकू यायचे, काकांना मी नाही. ते वाट पाहायचे, पुन्हा विचारायचे, मग निरोपाची अक्षरं पाठवून बंद करायचे. पोरगी म्हणाली, फोन कर ना. केला. काका आता नव्वदीला आलेत, डोळ्यांनी साथ सोडली आहे, आणि कानांना बोलणं उमगत नाही. फोनवर ते दोनदा 'कोण, कोण' म्हणाले आणि सुनेने फोन घेतला. तिने सांगितलं की माणसाचं बोलणं त्यांना नुसता गलबला वाटतं, पण हेडफोनमधली एका सुरातली शिट्टी अजून लख्ख कळते, तेवढीच कळते. अलीकडे ते सकाळी काही आलं नाही की दिवसभर विसरल्यासारखं करतात, असंही ती म्हणाली. मी फोन ठेवला आणि मला कळलं की माझा प्रश्न आता एकाच वाटेने जाऊ शकतो, आणि ती वाट माझ्या गच्चीवर अडली आहे. सुनेला सांगून त्यांच्या कानात ओरडून विचारावा, असा तो प्रश्न नव्हता.

मग ट्यूनर शोधायला लागले. वर्ध्याच्या एका हॅम मित्राने त्याचा टेबलावर ठेवायचा आपोआप जुळणारा ट्यूनर वापरून पाहायला दिला. बटण दाबलं, आत मधमाश्यांसारखी गुणगुण झाली आणि काटा शून्यावर. पाठवलेल्या शक्तीतली जराही परत येत नाही, असा त्याचा अर्थ. मी इतकी खूश झाले की याडीला बोलावून काटा दाखवला. तिने चष्मा लावून पाहिला आणि बरं आहे म्हणाली. दुसऱ्या दिवशी काकांना हाक दिली. काहीच नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. काटा मात्र बिचारा शून्यावरच. तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. टेबलावरच्या ट्यूनरने सेटची समजूत घातली होती, बाकी काही केलं नव्हतं. न जुळणारी तार गच्चीवर तशीच होती आणि माझी निम्म्याहून जास्त शक्ती मधल्या केबलमध्ये येरझाऱ्या घालत तिलाच गरम करत होती. विज्ञानाची शिक्षिका मी, आणि काट्यावर भुलले.

त्या रागात मी ट्रंक उघडून तुझा खोका काढला. म्हटलं, तुझ्या ट्यूनरने कधी दगा दिला नव्हता, यानेच होईल. कंडेन्सरच्या पात्यांमध्ये कुंभारीण माशीने मातीचं घर केलं होतं, ते टाचणीने कोरून काढलं. बटण फिरवलं, तर अजूनही तुझ्या बोटांना लागायचं तेवढंच घट्ट. दोन दिवस मी तो नुसता टेबलावर ठेवून पाहत होते. फार इच्छा होती, बापू. पण खरं सांगायचं तर तुझ्या खोक्यात जादू नव्हती. तुझी तार थेट त्याच्यात येत होती, मध्ये केबल नव्हतीच, म्हणून तो चालला. माझ्या टेबलावर त्याचंही तेच झालं असतं जे वर्ध्याच्या ट्यूनरचं झालं. आणि गच्चीवर ठेवला असता तर दर वेळी दोन जिने चढून बटण फिरवायला जावं लागलं असतं, पावसापाण्याचं तर सोडच. म्हणून तिसऱ्या प्रकारचा घेतला: गच्चीवर, तारेच्या पायथ्याशीच बसवायचा, पाण्यापासून बंद डबा. खालून केबलमधूनच त्याला वीज जाते आणि तो तिथल्या तिथे तारेशी जुळवून घेतो. तुझा खोका पुन्हा साड्यांखाली ठेवताना मला वाईट वाटलं.

घरमालक ढाणकीकडचा, कापसाचा शेतकरी, पोरांच्या शाळेसाठी इथे घर बांधून राहिलेला. डबा पाहून वर आला. "मॅडम, हे काय लावून राह्यल्या? इज पडली तं माह्या घरावर पडन." मी त्याला समजावलं की शर्टाला बटण आणि काज जुळवतात तसं हा डबा यंत्राला आणि तारेला जुळवतो, विजेला बोलवत नाही. त्याने बराच विचार केला. आभाळ आलं की तार खाली उतरवायची, या अटीवर हो म्हणाला. जमिनीत पट्टी पुरायला जागा नव्हती, म्हणून डब्यापासून गच्चीच्या कठड्याकडेने चारी बाजूंना तारा सोडल्या. घरमालकीणबाईंनी त्यातल्या एकीवर लगेच पापड वाळवायचं फडकं टाकलं. याडीने खाली एकच विचारलं, "पुन्हा चावन का?" नाही म्हटलं. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्वयंपाकघरात फडकं हातात घेऊनच फिरत होती.

त्या सकाळी मी आधी ऐकलं. पट्टा रिकामा होता. थोडीशी शिट्टी दिली, वर गच्चीत डबा जुळला, आणि काकांना हाक मारली. लगेच उत्तर आलं. त्यांनी कळवलं की आज तू अगदी शेजारच्या खोलीत बसल्यासारखा येतोस. 'येतोस' ऐकून मी थांबले. त्यांच्या हाताला आता कंप आहे, एखादं अक्षर इकडचं तिकडे होणार, असं म्हणून मी माझी ओळख पुन्हा पाठवली. त्यांनी तिकडे लक्षच दिलं नाही. किती दिवसांनी तुझा हात आला, म्हणाले, मला वाटलं खाणीने पाळी बदलली. मग तेच बोलत सुटले, अडखळत, पण त्यांचं एकही अक्षर माझ्या कानातून सुटलं नाही.

"पोरगी काय म्हणते? रोज माझं बोलणं अर्धं तोडून तिचं ऐकायला पळतोस, आणि तिला कळवत नाहीस. बाप ऐकतोय समजलं तर तिचा हात अडखळेल म्हणे. अरे, अडखळू दे. एकदा हाक मार तिला."

प्रश्न मी विचारलाच नव्हता, बापू. त्यांना सांगायला हवं होतं की तो गेला, ही त्याची मुलगी बोलतेय. दुसऱ्याच्या नावाने हवेवर बोलणं गुन्हा आहे, हे तूच शिकवलंस. मी पाठवलं: मारतो, आजच मारतो. ते फार खूश झाले आणि निरोप घेऊन बंद झाले.

शाळेला निघायची वेळ झाली होती. मी हेडफोन काढले नाहीत. त्याच जागेवर सेट चालू ठेवून बराच वेळ हाकेसाठी कान लावून बसले. मुख्याध्यापकांना मी स्कूटी पंक्चर झाली म्हणून सांगितलं.