खाली लागू नये म्हणून

राकोवनिक,
१७ नोव्हेंबर

प्रिय रादिम,

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. वर्षभराने का होईना, थोरल्या भावाची आठवण झाली, बरं वाटलं. गुडघे सोडले तर मी ठीक आहे. तुझी क्वेतावहिनीही तिच्या मानाने ठीक. काल तिने माझ्या चहात मीठ घातलं आणि वर मलाच म्हणाली, "बोहुश, तुला हल्ली कशाची चवच कळत नाही." प्यायलो मुकाट्याने. कोण वाद घालणार?

मार्चमध्ये तुझी साठी. त्यासाठी पन्नास लिटर बिअर हवी, तीही बाबांच्या पद्धतीची. "डब्यातल्या अर्काची आणणार असशील तर हात हलवत ये," असं लिहिलंस. वाचून आधी डोकं फिरलं. दोन दिवस पत्र ब्रेडच्या डब्याखाली दाबून ठेवलं होतं.

गेल्या वर्षी संत मार्टिनच्या दिवशी क्लबात तू एक घोट घेतलास, ग्लास खाली ठेवलास आणि बारा जणांसमोर म्हणालास, "हा तर विकतचा अर्क! बाबांच्या भांड्यात डबा उपडा केलास? त्यापेक्षा दुकानातून बाटल्याच आणायच्या होत्यास!" सगळे खो खो हसले. मी कोट उचलून निघालो. तू मागे आला नाहीस आणि मीही फोन केला नाही. आपल्या घराण्यात मान मोडेल पण वाकणार नाही.

डब्याला नावं ठेवायला काय जातं रे तुझं? त्यातही सातूच असतो, फक्त दुसऱ्या कुणीतरी भिजवून, गाळून, आटवून दिलेला. पाण्यात विरघळवायचा, हॉप्सची कडू फुलं टाकून तासभर उकळायचा, दोन तासांत मोकळं. मधेच आच बंद करून उठलं तरी काही बिघडत नाही. माल्टपासून, मोड आणून वाळवलेल्या सातूपासून करायची तर सकाळी सातला उभं राहायचं ते दुपारी चारपर्यंत. भरड भिजवा, त्यातला तिसरा हिस्सा दाट रबडा काढा, वेगळा उकळा, परत ओता, मग पुन्हा काढा. ढवळणारा हात जरा थांबला की खाली लागलंच, आणि मग सगळ्या पिंपाला करपट वास. बाबा म्हणायचे आठवतं? "घराला आग लागली तरी आधी रबडा उतरवा." आपण दोघं पोट धरून हसायचो.

कंबर धरते, वय झालं, म्हणून डबा, असं मी सगळ्यांना सांगतो. कंबर धरते हे खरंच आहे. पण डबा त्यासाठी नाही आणला.

तुझ्याशिवाय हे कुणाला लिहू? पोरंबाळं आम्हाला नाहीत.

दोन वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीत वहिनी तळ्यात सापडली ना, त्या सकाळी मी बिअर करत होतो. तुला सांगितलं होतं, मला खुर्चीत डुलकी लागली आणि ती कधी बाहेर पडली ते कळलंच नाही. डॉक्टरांनाही तेच सांगितलं. शेजारच्या हायकोवाबाईंनाही. सगळे म्हणाले, बिचारा, किती दमतो.

मला झोप लागली नव्हती, रादिम. मी भांड्यापाशी उभा होतो, हातात काठी होती, पहिला रबडा नुकताच उकळी धरत होता. फाटकाची कडी वाजली. मी ऐकली. खिडकीतून पाहिलंसुद्धा. पायात घरातल्या सपाता, अंगात कोट नाही. मनात म्हटलं, कोपऱ्यापर्यंत जाईल, एवढा रबडा उतरवतो आणि आणतो तिला. आणि मी ढवळत राहिलो. वीस मिनिटं. मग ओतला, झाकण ठेवलं, वर थर्मामीटरही पाहिला. बासष्ट अंश, बरोब्बर. समाधान वाटलं. एवढं सगळं झाल्यावर मी बूट घातले.

तोवर हायकोवाबाईंनी तिला बर्फ फुटलेल्या काठावरून ओढून काढलं होतं. तोपर्यंत ती गुडघाभर पाण्यात उभी होती. तिच्या उजव्या पायाची दोन बोटं गेली ती त्या वीस मिनिटांत. रोज सकाळी मीच तिला मोजे घालतो. ती विचारते, "बोटं कुठे गेली रे माझी?" मी म्हणतो, "थंडीने गेली." ती म्हणते, "असू दे, तुझी तर आहेत ना." आणि हसते. मला ते हसणं सोसत नाही.

ती बिअर मी ओतून द्यायला हवी होती. नाही दिली. ईस्टरला तीच तुझ्यापुढे ठेवली. तू मिठी मारून म्हणालास, "बोहुश, बाबा असते तर रडले असते." मी "हो" म्हणालो. लाज वाटते मला. त्यानंतर माल्टचं पोतं घरात आणलं नाही.

मी फार दमलोय. बिअर करून नाही, रोज कडीचा आवाज ऐकून.

तुझ्या साठीला पन्नास लिटर देईन. बाबांच्याच पद्धतीची, पण माझ्या हातची नाही. जानेवारीतला कुठलाही शनिवार सांग. भांडं घासून ठेवतो, माल्ट तू आण. तू ढवळायचंस, मी तिच्याशेजारी बसणार. ती उठली की मी उठेन, आणि मग पिंपात काहीही होवो, मला हाक मारायची नाही. ती बाहेर पडली तर तूही काठी टाकून यायचंस. एवढं कबूल असेल तरच ये. खाली लागलं तर लागलं. करपट बिअर आपण दोघं पिऊ आणि कुणी विचारलं तर खरं सांगू.

हे वाचून यावंसं वाटलं नाही तर तसं लिही. मी राग धरणार नाही. वहिनीला मात्र तू आठवतोस. "तो धाकटा, मोठ्याने हसणारा," म्हणते.

त्या दिवशी जागाच असलेला,
तुझा भाऊ
बोहुमीर