बदामाच्या वळणावरचा रस्ता

ऐन लूझ,
१२ एप्रिल २००८

चि. बूझीद,

ताईचा आशीर्वाद. आम्ही खुशाल, तुम्हीही खुशाल असाल, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं.

तुझ्या खात्याने दिलेल्या दोन्ही गाई दूध देतात. शाळेवर छप्पर आलं. तू बांधलेल्या रस्त्यामुळे दूध नासायच्या आत शहरात पोचतं. शेजारची फतिहा परवा म्हणाली, "तुमचा भाऊ म्हणजे देवमाणूस हो!"

दुधाची गाडी कुईदर चालवतो. हो, तोच, बंडखोरांची टोळी सोडून, बंदूक टाकून डोंगरावरून उतरलेला. त्याला माफी मिळाली, वर सरकारी गाडी मिळाली. माझ्या नादिरसारखी ज्यांची पोरं यांनी उचलून नेली, त्यांना काय मिळालं? गप्प बसायचा कायदा! मी कॅन कुंपणाबाहेर ठेवते, त्याचं तोंड बघत नाही. सोमवारी इंजिन तापलं आणि तो थेट दारात आला. "मावशी, थोडं ताक मिळेल?" दारी आलेल्याला ताक नाकारायचं नाही, हे आईने तुला-मला शिकवलंय. दिलं.

वाडगं हातात धरून तो नुसताच उभा राहिला. "मावशी, पिववत नाही. तुमच्या नादिरला आम्ही कुठे पुरलं, ते मी बूझीदभाऊंना दाखवलं होतं. रस्ता आखायच्या आधीच. बदामांपाशी, वळणावर. ते म्हणाले, तोंड उघडू नकोस, काम अडेल, आलेला निधी परत जाईल."

बूझीद, गेल्या ईदला माझ्याच घरी जेवताना तू म्हणालास, "ताई, आशा सोडू नकोस, असेल पोरगा कुठेतरी." कुठे ते तुला ठाऊक होतं! मेल्या, घास उतरला कसा रे घशाखाली?

रस्ता मलाही हवा होता. माझं पोर आधी उचलून कबरस्तानात नेलं असतंस, तर तुझ्या रस्त्यासाठी मी स्वतः खडी वाहिली असती. तू त्याच्यावरून डांबर ओतलंस. आणि मी रोज त्यावरून बाजारात जात होते.

गुरुवारी तू गव्हर्नरसाहेबांना घेऊन फीत कापायला येणार आहेस. गाडी वळणापर्यंतच येईल. काल सकाळपासून आम्ही बायका तिथे रस्ता खणतो आहोत. कुईदरही आहे, कुदळ घेऊन. मी त्याला माफ केलेलं नाही, पण त्याने जागा तरी दाखवली.

साहेबांना मागे ठेव आणि चालत ये. जनाजा उचलायला माणसं कमी आहेत.

नादिरची आई