प्रचारपत्रकातले चौथे वाक्य

प्रिय सभापती,

जेवणाच्या टेबलावर चमचा आपटून तू सर्वांना गप्प करायचीस, म्हणून तुझ्या आईने तू सहा वर्षांची असताना तुला हे नाव दिले. आता तू खरोखरच दुसऱ्यांदा निवडणुकीला उभी आहेस, आणि या नावाने हाक मारणारी घरात राहिली नाही. म्हणून ते काम मी पत्करले आहे.

तू तपासायला पाठवलेले प्रचारपत्रक मिळाले. शुद्धलेखनाच्या सात चुका दुरुस्त केल्या. पाण्याविषयीचा मजकूर उत्तम आहे. 'आईच्या प्रार्थनेचे बळ माझ्या पाठीशी आहे' या चौथ्या वाक्यापाशी मात्र माझी पेन्सिल चार दिवस अडली आहे. त्यातच तुझ्या कार्यकर्त्याचा फोन आला, "गुरुवारी छायाचित्रकार आणतो, काका. ताई आईंच्या दिव्यासमोर हात जोडून बसल्या की काम फत्ते!" मी 'कळवतो' एवढेच म्हणालो.

तो दिवा ठेवलेली तिची खोली म्हणजे तरी काय? जिन्याखालची अडगळ; एक स्टूल, एक दिवा आणि भिंतीला टेकवलेली इस्त्रीची फळी. रोज संध्याकाळी तुझी आई प्रार्थनेला दार लावून आत बसे आणि मी बाहेर वर्तमानपत्र उघडून. लग्नाच्या पहिल्या वर्षी, पदवीच्या गुर्मीत, मी तिला विचारले होते की देवाशी बोलायला एवढा आडपडदा कशाला. ती म्हणाली, "तुमच्याशी भांडतानासुद्धा मी खिडकी लावून घेतेच की!" त्यानंतर अडतीस वर्षे मी त्या दारावर टकटक केली नाही. तू मात्र कान लावायचीस, आणि आतून आवाज यायचा, "सभापती, आजचे कामकाज तहकूब."

तुझी पहिली निवडणूक आठवते? विरोधकांनी तुला नास्तिक ठरवले, तेव्हा तुझी माणसे आईला व्यासपीठावर न्यायला आली होती. चहा सर्वांना मिळाला. होकार मिळाला नाही. "मते माणसांची हवीत ना? मग माणसांशी बोला. देवाचे नाव मतदारयादीत नाही," असे तिने सुनावले. तू थोडक्यात हरलीस आणि दोन दिवस अबोला धरलास. तिसऱ्या दिवशी येऊन, झाकून ठेवलेले गार जेवण उभ्यानेच जेवलीस. ती नुसती तुझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

आता जे इतके दिवस सांगितले नाही ते लिहितो. रुग्णालयातल्या शेवटच्या आठवड्यात मी तिला विचारले की लेकीच्या विजयासाठी एवढी प्रार्थना करूनही ती हरली, याचे वाईट वाटले का. ती हसली. म्हणाली, "निवडून आण, असे मी एकदाही मागितले नाही. निवडून येण्यासाठी तिला खोटे बोलावे लागू नये, एवढेच मागत होते." म्हणजे बाळ, ते बळ निवडून येण्यासाठी नव्हतेच; ते चौथे वाक्य खरे नाही. मी ते खोडलेले नाही. पेन्सिल पत्रासोबत पाठवत आहे. मी कशावरही विश्वास न ठेवणारा माणूस, पण हल्ली रोज संध्याकाळी तो दिवा लावतो, आणि दार आतून लावून घेतो. गुरुवारी तू अवश्य ये. छायाचित्रकाराला मी बाहेर चहा देईन, आणि तू आत असेपर्यंत वर्तमानपत्र उघडून दाराशी बसेन.

तुझेच,
बाबा