एकाच मांडवात

३ फेब्रुवारी २०२५
अंगणवाडी वेळेवर सुटली. मग आरोग्य केंद्रातल्या नर्स नीलमताई आल्या. पुढच्या सोमवारी गावात शिबिर. या खेपेस सगळं एकाच मांडवात — छातीचा एक्स-रे, अंगावरचे चट्टे, एचआयव्ही, शुगर, बीपी. अंगणवाडीचं आवार वापरा म्हटलं.
मागे नुसती टीबीची गाडी आली होती. गाडीत जो चढला तो गावात टीबीवाला! आमच्या दामिनीचं लग्न जमत होतं, म्हणून हे चढलेच नाहीत. पुढे लपूनछपून अकोल्याला दाखवलं, तोवर फार उशीर झाला होता. पोळ्याच्या आधी गेले.

६ फेब्रुवारी
यांचे थोरले भाऊ खुशालराव दिवाळीपासून खोकतात. जाऊबाईंच्या हाती निरोप पाठवला. उत्तर आलं — "तिले म्हना, अंगणवाडीतले पोट्टे सांभाळ. मले काही झालं नाही."
भासऱ्यांशी, म्हणजे थोरल्या दिरांशी, थेट बोलायची आमच्याकडे रीत नाही. लग्न झाल्यापासून मी एक शब्द बोललेली नाही.

८ फेब्रुवारी
बोलले!
ते पारावर बसले होते, माणसांत. पदर सारखा केला आणि समोर जाऊन उभी राहिले. "दादा, सोमवारी तपासाले या." ते जमिनीकडे पाहत म्हणाले, "बिडीचा खोकला हाय हा."
मी म्हटलं, "हे बी असंच म्हनत होते."
संध्याकाळी जाऊबाई माणिकबाई आल्या. "काय केलं वं बाई तू! कोनाशी बोलून नाही राहिले ते." रागावल्या होत्या की खूश, कळलं नाही.

९ फेब्रुवारी
आवार झाडून मांडवाची जागा आखली. उद्या भासरे येतील का, कोण जाणे.

१० फेब्रुवारी
मांडव भरला! कोण कशासाठी आलं, कोणाला ओळखताच येईना. म्हणून तर आले सगळे. बाया रांगेत एकमेकींना चिडवत होत्या — "तुले तं शुगरच असन, लय गोड बोलतं तू!"
दुपारी भासरे आले. लांबूनच ओरडले, "मी शुगर पाहाले आलो बरं!" माणिकबाई मागून पुटपुटल्या, "हो, छातीत शुगर हाय त्यायले."
एक्स-रे काढला. थुंकीही दिली.

१४ फेब्रुवारी
भासऱ्यांना टीबी निघाला. पण वेळेत! औषध आजपासूनच सुरू.
केंद्रातून परतताना ते पारावर थांबले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "मले टीबी हाय. गोळ्या चालू झाल्या. भाऊसून बोलली म्हनून सापडला." मी चार पावलं मागे होते. यांना सांगायला हवं होतं. इथे लिहिते.

१८ फेब्रुवारी
शिबिरात मी रांगच लावत बसले, माझी तपासणी राहून गेली. आज केंद्रात गेले. नीलमताईंनी पडद्याआड पाठ उघडी करायला लावली. "डोळे मिटा ताई. स्पर्श झाला की सांगा."
मी थांबले. मग म्हटलं, "लावा ना."
"केव्हाची लावून राहिली, ताई."
डॉक्टरांनीही पाहिलं. कुष्ठरोग. गोळ्यांनी पूर्ण बरा होतो म्हणाले. पाठीवरचा चट्टा कधीपासून आहे, विचारलं. काय सांगू? हे गेल्यापासून माझी पाठ कोणी पाहिलेली नाही.
पहिल्या गोळ्या तिथेच घेतल्या. उद्या पारावर जाऊन सांगेन. मीच.
पाणी तापवलं. न्हाणीत बसून हात पोहोचेल तेवढी पाठ घासली.