नानांचं गुलाबी डोकं

३ मार्च, सोमवार

अर्धा तास! सगळ्या दिवसातला एकच अर्धा तास माझा, आणि त्यावरही लॅबच्या मालकांचा डोळा. आज जेवणाच्या सुट्टीत मागे येऊन उभे राहिले. "बाई, बावीस वर्षं कवळ्या करताय, अजून हात शिवशिवतात?" म्हटलं, शिवशिवतात. कवळ्या दुसऱ्यांच्या तोंडासाठी, हे माझ्यासाठी.

डबा पाच मिनिटांत गिळते आणि उरलेल्या पंचवीस मिनिटांत टाकाऊ मेणातून डोकं घडवते. वडिलांचं — नानांचं, बंद मुठीएवढं. वीस तारखेला पाचच्या आत प्रदर्शनात जमा करायचंय. याआधी दोनदा फॉर्म आणून ड्रॉवरमध्ये कुजवला. यंदा देणार म्हणजे देणार!

९ मार्च, रविवार

नाना सकाळी खिडकीत बसले. कवळी काढून बसा म्हटलं, तर म्हणे, "ऊन खायला बसलोय, तुझ्यासाठी नाही." पण काढली. मान जरा डावीकडे म्हटलं की डावीकडे! तोंडाचा पट्टा मात्र चालू — "नोकरीवर लक्ष दे. मालकाच्या वाकड्यात शिरू नये."

याच नानांनी मला चित्रकलेच्या शाळेतून काढून दातांच्या कोर्सला घातलं. "पोट भरेल असं काहीतरी शीक." भरलं की पोट! बाकीच्या बाईचं काय? माझा राग अजून गेलेला नाही. त्यांच्या गालाचा खळगा मात्र आज जमला.

१२ मार्च

डोकं पूर्ण!!

१३ मार्च, गुरुवार

मेले! आणि चूक माझीच. फोन वाजला म्हणून हातातलं डोकं खाली ठेवलं — कवळ्यांच्या ट्रेवर! आमच्याकडे नियम एकच: ट्रेवर मेणाचं जे येईल ते प्लास्टरमध्ये पुरायचं, उकळत्या पाण्याने आतलं मेण काढून टाकायचं, पोकळीत गुलाबी प्लास्टिकचा मसाला भरून शिजवायचं. प्लास्टरवाले काका चष्मा कपाळावर ठेवून काम करतात. त्यांनी नानांना पुरलं.

"मला वाटलं नवीन ऑर्डर!" मला कळलं तोवर मेण गेलेलं. ढसाढसा रडले, सगळ्यांसमोर. मग डोळे पुसले आणि म्हटलं, काका, आता अर्ध्यावर सोडू नका, भरा मसाला.

१४ मार्च, शुक्रवार

साचा फोडला. आत नाना — हिरड्यांच्या रंगाचे! एकूण एक सुरकुती आलीय. एका नाकपुडीत तेवढा बुडबुडा. काका हात जोडून उभे होते, मी त्यांना मिठीच मारली. मेणाचं डोकं एका उन्हाळ्यात वाकलं असतं, हे माझ्यामागेही राहील. हेच देणार प्रदर्शनात. गुलाबी तर गुलाबी!

१७ मार्च, सोमवार

नाकपुडी घासायची म्हणून डोकं लॅबमध्येच ठेवलं होतं. तिथेच फसले.

मालकांनी पाहिलं. चिडले नाहीत, खूश झाले — तेच वाईट. दर्शनी काचेच्या कपाटात ठेवलं, खाली लॅबची पाटी, वर कुलूप. "डॉक्टर लोकांना दिसू दे, आमच्याकडे किती बारीक काम होतं ते." म्हटलं, ते माझं आहे. "मेण माझं, प्लास्टर माझं, मसाला माझा. तुमचं काय आहे त्यात?"

मी परत ट्रेवरच्या कवळ्यांकडे वळले. घरी येताना रस्ताभर उत्तरं सुचत होती, एकाहून एक!

१८ मार्च, मंगळवार

आज बोलले. "माझे हात आहेत त्यात."

"हातांचा पगार देतो."

"सुट्टीतल्या हातांचा नाही देत!"

सगळी लॅब काम थांबवून ऐकत होती. मालकांचा पारा चढला. "फार झालं, बाई. डोकं हवं की नोकरी, परवापर्यंत ठरवा." म्हटलं, परवा कशाला, आत्ताच सांगते — डोकं. म्हटलं एकदाचं! तरी कुलूप काही निघालं नाही.

घरी नानांना सगळं सांगितलं. वाटलं, आता कडाडतील. ते तर ताटावरून तसेच उठले.

२० मार्च, गुरुवार

दुपारी साडेतीनला नाना लॅबमध्ये! अंगात इस्त्रीचा सदरा, तोंडात कवळी नाही. कपाटापाशी गेले, काचेला नाक टेकवून बघितलं. मग मालकांना म्हणाले, "मेण तुमचं, प्लास्टर तुमचं. तोंड माझं आहे. मला विचारलं होतंत?"

मालक एकदा कपाटाकडे बघतायत, एकदा नानांकडे. काका फिसकन हसले. किल्ली आली, डोकं माझ्या हातात आलं.

बाहेर आल्यावर नानांनी खिशातून कवळी काढून तोंडात बसवली. "नोकरी गेली का गं?"

"माहीत नाही."

"मग उभी काय राहिलीस? पाचला प्रदर्शनवाले घेणं बंद करतात ना!"