आंब्याची उष्णता

आये, काल मी एका डॉक्टरणीला सांगितलं की तू म्हातारपणानं गेलीस. चाळिशीसुद्धा गाठली नव्हतीस तू. तोंडातून निघून गेलं आणि मग मागे घेता येईना.

झालं असं, की इथं हैदराबादेजवळ मी ज्या किचनमध्ये आहे तिथं कामगारांची तपासणी होती. हॉटेल नाही हे. मोठ्या ऑफिसांना जेवण पुरवणारी पत्र्याची लांबलचक शेड आहे. भात एका बाजूला, पोळ्या एका बाजूला आणि गोडाच्या कढया आमच्याकडे. भाज्या धुतात तिथं टेबल लावून डॉक्टरीण बसली होती आणि तिच्या शेजारी खुर्ची टाकून आमचा सुपरवायझर. तिनं माझ्या बोटाला सुई टोचली, मशीनकडे बघितलं, परत बघितलं. हिंदीत विचारलं, "आत्ता काय खाल्लंस?" म्हटलं, पाक चाखला आणि तुटके गुलाबजाम खाल्ले. "घरात कुणाला शुगर?" नाही. "वडील?" ते बोटीवर होते, समुद्रातच गेले. "आणि आई?" तेवढ्यात सुपरवायझरनं मोबाइलमधून मान वर काढली. मी म्हटलं, "आई म्हातारी होऊन गेली." "तुझं वय काय?" "सव्वीस." "आई गेली तेव्हा केवढा होतास?" "सतरा." तिनं कागदावर काहीतरी लिहिलं. सुपरवायझर मात्र हसला. म्हणाला, "तुमच्या कोकणात माणसं लवकर म्हातारी होतात काय रे?" आणि आये, मी पण हसलो. त्याच्याबरोबर, दात दाखवून हसलो. लाज वाटली ती नंतर, कढईशी परत उभा राहिल्यावर, आणि तेव्हापासून ती काही खाली उतरत नाहीये.

का खोटं बोललो तेही सांगतो. माझ्या बाजूला पोळ्या भाजणारा एक ओडिशाचा माणूस होता. त्याला खोकला लागला. तपासणीत काहीतरी निघालं तेव्हा "आराम कर, बरा झालास की बोलावतो" म्हणाले. ती वेळ कधी आलीच नाही. तेव्हापासून इथं सगळे धडधाकट आहेत. कुणाला काही होत नाही, कुणाच्या घरात कधी कुणाला काही झालेलं नाही. डॉक्टरणीला हे बहुतेक ठाऊक असावं. मी उठताना ती हळूच म्हणाली, "उद्या सकाळी मी इथंच आहे. रात्रीपासून काही न खाता ये. जबरदस्ती नाही, पण ये."

तेव्हापासून मला आपली आंब्याची कंपनी आठवते आहे. चैत्र सरत आला की सकाळी वाडीत टेम्पो यायचा आणि तुम्ही सगळ्या बाया त्यात दाटीनं उभ्या राहून वर सड्यावर, कातळाच्या माळावरच्या कंपनीत जायचात. आंबे सोलायचे, बाठे वेगळे करायचे, रस पुढे जायचा डब्यात बंद व्हायला. एकदा शाळा बुडवून मी तिथं आलो होतो, आठवतंय? डोक्याला कापडी टोपी, पायात गमबूट, खाली पाणीच पाणी, आणि तू सुरी चालवते आहेस, आंब्याकडे न बघता. चिकानं बोटांची सालं गेलेली. मला बघून शेजारची बाई ओरडली, "गो, तुझा पोरगा आलाय बघ. आंब्याच्या वासानं आला की आयशीच्या?" तू सुरी न थांबवता म्हणालीस, "त्याला वास डब्याचा येतो." सगळ्या खदखदून हसल्या. मी पण हसलो. खरंच होतं ते. तू घरून डब्यात भाकरी आणि सुकट घेऊन जायचीस आणि संध्याकाळी तो डबा तसाच परत यायचा, मी आणि धाकटी त्याची वाट बघत पायरीवर बसायचो. तुझं तोंड बघायच्या आधी आम्ही डब्याचं वजन बघायचो. तू म्हणायचीस, "माझं पोट भरलंय रे. आंबे खाते ना मी."

कंपनीचा नियमच तसा होता. आत हवे तेवढे खा, बाहेर एक न्यायचा नाही. मग कोण कशाला भाकरी खाईल? चिरडलेला, डागी आंबा तोंडात टाकायचा आणि पुढचा सोलायला घ्यायचा, त्याला जेवणाची सुट्टी लागत नाही, हात धुवावे लागत नाहीत. सगळ्याच बाया सीझनभर आंब्यावर काढायच्या. वाडीतले लोक वर म्हणायचे, काय भाग्य गो तुमचं, हापूस खाऊन राहता! तुला मग तहान लागायला लागली. रात्री तांब्या उशाशी असायचा. कंपनीत मात्र पाणी प्यायची नाहीस, कारण संडास पार शेडच्या मागे आणि कुणी दोनदा गेली की मुकादमीण सगळ्यांसमोर विचारायची, "काय गो, पाणी प्यायला आलेयस की आंबे सोलायला?" मग मानेवर गळवं उठली. आणि आपल्याकडे हे सगळ्यांना माहीत असतं ना, आंबा उष्ण. आंब्यानं गळवं होतात, लघवीला जळजळतं, तोंड सुकतं. तूच काय, शेजारणी म्हणाल्या, दुकानदार म्हणाला, मीही म्हटलं, उष्णता झालेय. आणि उष्णतेवर औषध काय, तर कोकम.

मी तेव्हा शाळा सोडून नाक्यावरच्या वड्याच्या गाडीवर लागलो होतो. पहिल्या पगारात तुझ्यासाठी गोड कोकमाची मोठी बाटली आणली. तू ती देवासारखी फळीवर ठेवलीस. कामावरून आलीस की मी स्वतः पेल्यात ओतून द्यायचो, वर आणखी थोडी साखर घालून, कारण तुला गोड आवडतं. तू डोळे मिटून प्यायचीस आणि म्हणायचीस, "आत कसं थंड वाटलं." आये, एवढं प्रेमानं मी आयुष्यात दुसरं कुणाला काही दिलेलं नाही. त्याचा दोष मी स्वतःला देत नाही, कुणालाच ठाऊक नव्हतं. पण आता पाकाच्या कढईशी उभा राहिलो की तो पेला दिसतो, आणि हातातली पळी जड होते.

गमबूट तुझ्या मापाचे नव्हते. टाचेला फोड आला, तू हळद बांधलीस आणि वर मोजा चढवलास. दिसला तर घरी पाठवतील म्हणून लंगडायचीही नाहीस, आम्हाला वाटायचं बरा होतोय. आंबा संपला, पाऊस लागला, तेव्हा कुठे तू सरकारी दवाखान्यात आलीस, तेही मी आरडाओरडा केला म्हणून. तिथला डॉक्टर कागद बघून म्हणाला, "एवढी साखर घेऊन ही बाई उभी कशी राहिली?" तू पडल्या पडल्या म्हणालीस, "उभं राहायचेच पैसे मिळतात, डाक्तर." तो हसला नाही. बाहेर आल्यावर मला म्हणाला, पाय काढावा लागेल, तोसुद्धा लवकर. तू नाय म्हणालीस. म्हणालीस, पाय गेला तर मला कंपनीत कोण घेईल. गणपती आले तेव्हा तू नव्हतीस.

त्यानंतर मी एका जागी राहिलोच नाही. तू म्हणायचीस ना, या पोराच्या पायाला भिंगरी हाय. चिपळूण झालं, कोल्हापूर झालं, गोव्यात एका हॉटेलात होतो, मग इथं. कुठं काही खटकलं, कुणी जास्त विचारायला लागलं, की बॅग उचलायची. काल संध्याकाळीही भरून ठेवली होती. विजयवाड्याला एक ओळखीचा आहे, तो केव्हाही ये म्हणतो. तिथं मला कुणी बोट टोचणार नाही, कुणी आईचं विचारणार नाही.

पण बॅग भरताना माझं मलाच दिसायला लागलं. इथंही तोच नियम आहे, तुटलेलं गोड हवं तेवढं खा, बाहेर नेऊ नका. कामगारांना भात-आमटी मिळते, पण ती दुपार उलटल्यावर, कढया घासून झाल्यावर, आणि तोवर भूक मेलेली असते. मग मी सकाळी चहा, नंतर पाक, गुलाबजाम, जिलबीचे तुकडे, असाच दिवस ढकलतो. दोस्त म्हणतात, मजा आहे तुझी, मिठाई खाऊन राहतोस. वर्ष झालं, मला सारखी तहान लागते. पाण्याची बाटली कढईखाली ठेवलेली असते. मांडीवर एक गळू आहे, ते सुकत नाही. आणि हे सगळं मी काय म्हणून सोडून दिलं ठाऊक आहे? भट्टीची उष्णता. भट्टीसमोर उभा राहतो, उष्णता होणारच. तू आंब्याला म्हणालीस, मी भट्टीला म्हणालो. तुला बिचारीला माहीत नव्हतं. मला सगळं माहीत होतं. मी तुझा कागद त्या डॉक्टरच्या हातात बघितला होता, त्यानं बोललेला शब्द न् शब्द ऐकला होता, आणि तरी माझ्या जिभेवर उष्णता हाच शब्द आला. आणि ते झाकायला काल मी तुला म्हातारी करून टाकलं.

आत्ता सकाळ आहे. शेडच्या मागे पाण्याच्या टाकीवर बसून हे लिहितोय, माझ्या अक्षराला तू हसली असतीस. डॉक्टरणीची गाडी आली आहे, दारात उभी आहे. बॅग खोलीवर भरलेलीच आहे. हे पत्र कुठं टाकणार, वाडीतल्या घराला कुलूप आहे आणि धाकटी नवऱ्याबरोबर पनवेलला. तिला हे पाठवायचं धाडस नाही. पण तिचंही रक्त तपासायला हवं, हे तिला फोन करून सांगायला पाहिजे, आणि ते सांगायचं तर आधी मला माझं माहीत पाहिजे.

रात्रीपासून काही न खाता राहिलो होतो, हे तुला अभिमानानं लिहायचं होतं. पण खरं सांगतो आये, मघाशी चहावाला आला आणि मी चहा प्यायलो. साखरेचा. सवयीनं प्यायलो, की तिनं मला परत पाठवावं म्हणून प्यायलो, ते माझं मला कळत नाही. तरी जातो. चहा प्यायलो हे सांगतो, आणि तुझं सांगतो.